उड्डाण पुन्हा लांबणीवर

रॉकेट उडताना पाहणं हा नऊ-दहा मिनिटांचा कार्यक्रम. त्याची वाट पाहण्याचा कार्यक्रम मात्र महिनाभरसुद्धा चालतो. ज्याला हा दुसरा कार्यक्रम आवडतो त्यानेच या नादाला लागावं. नुसत्या पहिल्यासाठी आलेली मंडळी दुसऱ्या तारखेला जांभया देतात, तिसऱ्या तारखेला थट्टा करतात आणि चौथ्या तारखेला ‘उडालं की कळवा हो’ असं सांगून आपापल्या कामाला लागतात. मी पहिल्यापासून वाट पाहणाऱ्यांच्या पंथातली. त्यामुळे २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकाकडे निघाले, म्हणजे निघणार-निघणार असं महिनाभर चाललं, तो काळ माझा फार सुखात गेला.

मोहिमेचं नाव ‘ॲक्सिअम-४’. प्रवासी चार. कप्तान पेगी व्हिटसन, वय पासष्ट, आणि त्यातले ६७५ दिवस आधीच अंतराळात काढलेले. यान चालवण्याच्या जागेवर आपले ग्रुप कॅप्टन शुक्ला. शिवाय हंगेरीचे टिबोर कापू आणि पोलंडचे स्वावोश उझनान्स्की-विश्निएव्हस्की. या शेवटच्या गृहस्थांचं नाव आमच्या आईने एकदा ऐकलं आणि त्यांना ‘ते लांब आडनावाचे’ म्हणायचं ठरवून टाकलं. शुक्लांना ती ‘शुक्लांचा मुलगा’ म्हणायची, जणू शुक्ला कुटुंब आमच्याच जिन्यात राहत होतं. पोलंड, हंगेरी आणि भारत या तिन्ही देशांचा एकेक माणूस १९७८, १९८० आणि १९८४ साली सोव्हिएत यानातून अंतराळात जाऊन आला होता. त्यानंतर तिन्ही सरकारांनी कुणालाच पाठवलं नाही. म्हणजे चाळीस-चाळीस वर्षं थांबलेले तीन देश एकाच यानात बसणार होते. त्यांना आणखी महिनाभर थांबायला लागलं तर काय मोठंसं!

पहिली तारीख होती २९ मे. तिची ८ जून झाली. ८ची १० झाली. १०ला वाऱ्याने अडवलं म्हणून ११. दरम्यान रॉकेट तळावर जखडून ठेवून त्याची इंजिनं काही सेकंद पेटवून पाहिली, नंतर तपासणी केली, तर द्रवरूप ऑक्सिजन झिरपताना सापडला. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आपल्या सहकाऱ्यांना घेऊन तिथेच होते. दुरुस्ती नीट व्हायला हवी आणि झाल्यावर पुन्हा तपासायला हवी, असा त्यांनी आग्रह धरला. मग १९ जून. मग २२. मग काही दिवस तारीखच नाही. शेवटी २५.

आमच्या घरी या तारखा आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची. ८च्या चौकटीत गॅस सिलिंडर लावल्याची नोंद आधीपासूनच होती, त्यामुळे रॉकेट कोपऱ्यात बसवावं लागलं. दुधाचे खाडे, एकादशी, वीजबिलाची शेवटची तारीख आणि त्यांच्यामध्ये खोडून खोडून कागद खरबरीत झालेलं ‘रॉकेट’. पेन का वापरत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “दुधाचा खाडा पक्का असतो गं. याचं पक्कं काही आहे का?”

चौघे प्रवासी २५ मेपासून विलगीकरणात होते, कारण एकाची सर्दी वर नेली की ती सगळ्या स्थानकाची होते. म्हणजे आम्ही इकडे चहा पीत वाट पाहत होतो आणि ते तिकडे कुणाच्या फारसं जवळ न जाता वाट पाहत होते. समोरच्या फ्लॅटमधले नाना रोज संध्याकाळी पेपर परत द्यायला येत आणि बातमीवर बोट ठेवत. “वहिनी, मुहूर्त लागत नाहीये. इतकी विघ्नं येतात म्हणजे वरून काहीतरी संकेत आहे.”

“वरून नाही नाना, खालून,” आई म्हणाली. “खालच्यांना अक्कल आहे म्हणून थांबलेत.”

मला त्या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं कारण मात्र ऑक्सिजनचं नव्हतं. स्थानकाला ‘झ्वेझ्दा’ नावाचा एक रशियन भाग आहे, २०००पासून वर फिरणारा. त्याच्या टोकाच्या बोळकांडीतून थोडी थोडी हवा बाहेर जाते, हे २०१९पासून माहीत होतं. रशियन अंतराळवीर बारीक भेगा शोधायचे, बुजवायचे, पुन्हा शोधायचे. आणि २०२५च्या जूनमध्ये त्या बोळकांडीतला दाब एकदम स्थिर झाला. गळती थांबली. झालं, गळती थांबली म्हणून उड्डाण थांबलं! आमच्यासारख्यांनी पेढे वाटले असते. तिथल्या अभियंत्यांनी विचारलं, थांबली ती बुजवलेल्या भेगांमुळे, की बाहेर जाते तेवढी हवा आता स्थानकाच्या मुख्य भागातून दाराच्या रबरी कडेवाटे आत येते आहे आणि म्हणून दाब स्थिर दिसतो आहे? वाईट बातमी तपासून घेणारे पुष्कळ असतात. चांगली बातमी तपासायला वेगळी छाती लागते. हे खात्रीने कळेपर्यंत आणखी चार माणसं वर पाठवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं. आई त्या दिवशी पेन्सिल न घेता नुसतं खोडरबर घेऊन कॅलेंडरपाशी गेली.

तारखेबरोबर वेळही सरकत होती, आणि ती का सरकते हे कळल्यावर माझं त्या घड्याळावर प्रेमच बसलं. स्थानक पृथ्वीभोवती चारएकशे किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताशी ५१.६ अंशांत कललेल्या कक्षेत फिरतं. दीड तासात एक फेरी. खाली पृथ्वी आपली आपण फिरत असते. फ्लोरिडातला उड्डाणतळ सोयीच्या दिशेने त्या कक्षेच्या बरोबर खाली दिवसातून एकदाच येतो, आणि तोही क्षणभर. तेवढा क्षण साधला तर रॉकेट सरळ कक्षेच्या रेषेत चढतं. चुकला तर वळण घेण्यात इंधन जाळावं लागेल, आणि तेवढं जास्तीचं इंधन बरोबर नसतं. म्हणून ‘दहा मिनिटं उशिरा सोडू’ ही सवलत नाही. एकदा थांबलं की पुढची खेप. त्यात ती कक्षासुद्धा हळूहळू सरकते, त्यामुळे वेळ दररोज बावीस-चोवीस मिनिटांनी अलीकडे येते. १० जूनला आपल्याकडची वेळ होती संध्याकाळची ५:५२, ११ जूनला ५:३०, आणि असं घसरत घसरत २५ तारखेला दुपारचे १२:०१. चहाला जायचं म्हणून तयार झालेलं उड्डाण जेवणाच्या वेळेला येऊन ठेपलं. आईने कुकर लवकर लावला.

क्षण ठरला तरी आकाशाची परवानगी हवी. आणि ती नुसत्या तळावरच्या आकाशाची नाही. चढताना काही बिघडलं तर यान रॉकेटपासून सुटून समुद्रात उतरतं, आणि ही उतरायची जागा फ्लोरिडापासून अटलांटिक ओलांडून पार आयर्लंडच्या बाजूपर्यंत कुठेही असू शकते. त्या सगळ्या वाटेवरचा वारा आणि लाटा पाहाव्या लागतात. फ्लोरिडात लख्ख चांदणं असताना हजारो किलोमीटरवर समुद्र खवळलाय म्हणून उड्डाण रद्द करणारी माणसं नानांना विक्षिप्त वाटतात. मला ती घरातल्या एखाद्या आत्याच्या जागी असती तर आवडली असती.

२५ जून, बुधवार. पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या, आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता. फ्लोरिडात रात्रीचे दोन. सत्तर मीटर उंचीचं फाल्कन-९ दिव्यांच्या झोतात उभं, आणि त्याच्या टोकावर ड्रॅगन यानात चौघे केव्हाचे पट्टे आवळून बसलेले. उड्डाणाला पस्तीस मिनिटं उरली तेव्हा इंधन भरायला सुरुवात झाली. आईने हातातली पोळी ताटात ठेवली.

“माणसं आत बसवून भरतात? आपल्याकडे सीएनजी भरताना रिक्षातूनसुद्धा खाली उतरवतात!”

प्रश्न बिनतोड होता. नासातल्याही काही जाणत्यांनी सुरुवातीला हीच शंका काढली होती. त्याचं उत्तर असं, की या रॉकेटातला ऑक्सिजन उणे २०७ अंशांपर्यंत गार केलेला असतो. जितका गार तितका दाट, म्हणजे त्याच टाकीत जास्त मावतो. पण तो लगेच तापायला आणि फुगायला लागतो, म्हणून शेवटच्या घटकेला भरायचा. माणसांनी तळावर वावरायचं ते टाक्या रिकाम्या असताना. आणि भरण्याआधी यानाची सुटकेची यंत्रणा सज्ज करून ठेवतात. यानाच्या अंगातच आठ छोटी इंजिनं आहेत; खाली काही पेटलं तर ती यानाला उचलून दूर फेकतात.

“म्हणजे आधी पळायची सोय, मग इंधन,” आई म्हणाली आणि पोळी पुन्हा उचलली. “मग ठीक आहे.”

मग ती उठून देवापुढे निरांजन लावून आली. मला यात विसंगती दिसली नाही. दशांश चिन्हाच्या पुढे चार आकडे मोजणारी माणसंही या बाबतीत आपल्यातलीच आहेत. बैकानूरहून निघणारे अंतराळवीर आदल्या रात्री वाळवंटावरचा एक ठरावीक जुना सिनेमा पाहतात, आणि तळाकडे जाताना बस थांबवून तिच्या मागच्या चाकावर लघुशंका करतात, कारण १९६१ साली युरी गागारिनने म्हणे तसं केलं होतं. बायकांना यातून सूट आहे. फ्लोरिडात शटलच्या काळापासून कप्तानाने निघण्यापूर्वी पत्त्यांचा डाव खेळायचा आणि हरेपर्यंत उठायचं नाही. वाट्याचं दुर्दैव तिथेच संपवून निघायचं. आपल्या इस्रोचे अध्यक्ष प्रक्षेपणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. आणि पीएसएलव्ही रॉकेटांच्या यादीत सी-१२ नंतर थेट सी-१४ आहे. तेरावं कुठे गेलं, हे विचारायचं नसतं. यात मला गंमत वाटते ती एवढीच, की यातल्या कुणीही निरांजन लावलं म्हणून गळतीकडे दुर्लक्ष केलेलं नाही. आधी गळती, मग निरांजन.

शेवटच्या मिनिटाला घड्याळ संगणकाच्या हाती जातं. पंचेचाळीस सेकंद उरले की उड्डाणप्रमुख अखेरचा होकार देतात. त्यानंतरही नियंत्रण कक्षातल्या कुणाच्या पडद्यावर काही वेडंवाकडं दिसलं, तर त्याने वरिष्ठांकडे बघत बसायचं नसतं, सरळ ‘होल्ड’ असं ओरडायचं असतं. एक शब्द, आणि सगळं जागच्या जागी. त्या दुपारी तो शब्द आला नाही. नऊ इंजिनं पेटली, रात्रीचा दिवस झाला, आणि आमच्या पडद्यावर एक केशरी ठिपका वर वर सरकायला लागला.

पुढची नऊ मिनिटं मी ठिपक्याकडे पाहतच नव्हते. मी पाहत होते ते यानात दोरीला बांधलेल्या एका पांढऱ्या राजहंसाकडे. हातात मावेल एवढं कापडी खेळणं. नाव ‘जॉय’. अशी खेळणी हौसेने नेतात, पण त्यांना कामही असतं. इंजिन चालू आहे तोवर सगळं मागे दाबलेलं, दोरी ताणलेली. अडीच मिनिटांनी पहिला टप्पा सुटला तेव्हा क्षणभर सगळं सैल पडलं, दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं आणि दोरी पुन्हा ताणली. इकडे सुटलेला पहिला टप्पा वळून फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावर येऊन सरळ उभा राहिला, इतक्या अदबीने की नानासुद्धा गप्प झाले. आणि मग दुसऱ्या टप्प्याचंही इंजिन बंद झालं. हंसाची मान जराशी हलली. दोरीला पीळ पडला. तो तरंगायला लागला. सांगायला कुणी निवेदक नको, आकडे नकोत. चार माणसं अंतराळात पोचली हे एका चिंधीच्या हंसाने सांगितलं. थोड्याच वेळात शुक्ला हिंदीत देशाशी बोलले. एकेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा अंतराळात आलो आहोत, खांद्यावर तिरंगा आहे, असं म्हणाले. आईने डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, “आता जेवायला देतात का रे त्यांना काही?” हे तिने पडद्याला विचारलं होतं. गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आंब्याचा रस बरोबर गेलाय, हे मी सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

ज्या तळावरून ते निघाले त्याचं नाव ३९-ए. १९६९ साली अपोलो-११ चंद्राकडे गेलं ते तिथून. १६ जानेवारी २००३ला कल्पना चावला ज्या ‘कोलंबिया’तून निघाल्या तेही तिथूनच. त्या उड्डाणात ऐंशीएक सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून वर असतानाच काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मिळवा, असं सुचवलं. त्याची गरज नाही असं वरून ठरलं. १ फेब्रुवारीला परतताना काय झालं ते आपल्या देशात कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. त्याआधी सतरा वर्षं, शेजारच्या ३९-बी तळावरून ‘चॅलेंजर’ निघायचं होतं. रात्र गोठवणारी. रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक होतात, उद्या उडवू नका, असं ती रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितलं. आकडे दाखवले. उड्डाण आधीच बऱ्याचदा पुढे गेलेलं, सगळे कंटाळलेले, शाळाशाळांतून मुलं टीव्हीपुढे बसणार कारण आत एक शिक्षिका होती. अभियंत्यांचं म्हणणं त्यांच्याच साहेबांनी फिरवलं. २८ जानेवारी १९८६, त्र्याहत्तर सेकंद.

या दोन्ही वेळी ‘थांबा’ म्हणणारा माणूस हजर होता. हुशार होता, त्याच्याकडे कारण होतं. त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, एवढंच. म्हणून २९ मेपासून २५ जूनपर्यंतची ती खाडाखोड मला रटाळ वाटली नाही. प्रत्येक पुसलेल्या तारखेमागे कुणीतरी ‘थांबा’ म्हणालं होतं आणि बाकीचे थांबले होते.

उड्डाण झालं की वाहिन्या उठून जातात. खरं तर तिथून पुढे अठ्ठावीस तासांचा पाठलाग असतो. पुढे स्थानक ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास धावतंय, मागून यान हळूहळू आपली कक्षा उंचावत त्याला गाठतंय. रात्री झोपताना आईने विचारलं, “पोचली का पोरं?” म्हटलं, उद्या दुपारी. “बरं. मग दार लावून घे.” दुसऱ्या दिवशी जवळ आल्यावर तर त्या यानाने सावकाशीचा कळसच केला. चारशे मीटरवर ठरलेला थांबा, दोनशे वीस मीटरवर आणखी एक, वीस मीटरवर शेवटचा. अखेरचं अंतर सेकंदाला काही सेंटिमीटर अशा चालीने. दुपारी ४:०१ला यान स्थानकाला टेकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा ओतला आणि दार उघडायची वाट पाहू लागलो. दार उघडायला पावणेदोन तास लागले, कारण जोडलेल्या जागेतून हवा गळत नाही ना, हे पाहायचं होतं. नाना म्हणाले, “आता तरी पोचलेत ना!” पण आवाजात आता पूर्वीची धार नव्हती. बसून राहिले होते.

१९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’मधून ‘साल्युत-७’कडे गेले, तेव्हा हे वाट पाहणं आमच्या वाट्याला आलं नव्हतं. टीव्ही मोजक्या घरांत, आणि सोव्हिएत कारभार असा की तयारीतल्या अडचणी आपल्यापर्यंत येत नसत. पेपरात आलं तेव्हा ते गेलेले होते. इंदिरा गांधींशी त्यांचं बोलणं झालं, त्यांचं ‘सारे जहाँ से अच्छा’ देशभर गाजलं, आणि आम्हाला वाटलं की अंतराळात जाणं म्हणजे असं एका दमात होतं. महिनाभर खोडरबर चालवल्यावर कळलं, की त्याही उड्डाणामागे कुणीतरी कुठेतरी रात्र रात्र सांधे तपासत बसलेलं असणार.

आता आपल्या भूमीवरून, आपल्या रॉकेटातून, ‘गगनयाना’ची माणसं निघायची आहेत. थांबायचं कसं हे श्रीहरिकोट्याला शिकवायची गरज नाही. १५ जुलै २०१९च्या पहाटे चंद्रयान-२ निघणार म्हणून सगळा देश जागा होता, राष्ट्रपती स्वतः तिथे बसले होते, आणि छप्पन्न मिनिटं चोवीस सेकंद उरले असताना घड्याळ थांबवलं. राष्ट्रपती परतले, दोष सापडला, आठवड्याने यान गेलं. २१ ऑक्टोबर २०२३ला गगनयानाच्या सुटका-यंत्रणेची चाचणी होती; पाऊसवाऱ्यामुळे वेळ पुढे गेली, आणि मग उरलेल्या पाच सेकंदांवर संगणकानेच अडवलं. कारण शोधून त्याच सकाळी दहा वाजता ते उडवलंही. शिकायचं राहिलंय ते आम्हा प्रेक्षकांचं. गगनयान निघेल त्या दिवशी कोट्यवधी लोक पडद्यापुढे बसतील, वाहिन्या ढोल वाजवतील, कुणीतरी मुहूर्त काढेल, आणि नेमकं तेव्हा एखाद्या विशी-पंचविशीतल्या अभियंत्याला आपल्या पडद्यावर एक आकडा जरासा चुकीचा दिसेल. ‘होल्ड’ म्हणताना त्याला राष्ट्रपतींची, वाहिन्यांची किंवा आपली भीती वाटता कामा नये. प्रेक्षकाला या सगळ्या उद्योगात दुसरं कामच नाही. उड्डाण लांबणीवर पडलं की शिव्या घालायच्या नाहीत, पेन्सिलीने नवी तारीख लिहायची आणि जेवून घ्यायचं.